डेपोचं काळं पाणी आणि सांगलीचं ऊन

सांगलीत हळदीचा डाग कुणाला नवा नाही. मार्केट यार्डात पोती वाहणाऱ्यांच्या बनियनवर तो असतो, लग्नघरातल्या साड्यांवर असतो. साबण लावला की पिवळ्याचा लाल होतो, घासला की पसरतो. माझी आई तो घासत बसायची नाही. कापड धुवायची आणि डागाची बाजू उन्हाकडे करून ओलंच दोरीवर टाकायची. दोन दिवसांच्या कडक उन्हात डाग उडालेला असायचा.

त्या दोरीवर काय घडायचं ते मला पुढे रसायनशास्त्र शिकवायला लागल्यावर नीट उमगलं. हळदीचा पिवळा रंग म्हणजे कर्क्युमिन. त्याच्या रेणूत एक लांब साखळी असते. ती निळा-जांभळा प्रकाश शोषून घेते, म्हणून हळद आपल्याला पिवळी दिसते. शोषलेल्या प्रकाशाने रेणू अस्थिर होतो, हवेतला ऑक्सिजन शेजारी असतोच, आणि साखळी तुटते. तुकडे उरतात, रंग जातो. कुठलंही रसायन न ओतता, नुसत्या उन्हाने एक सेंद्रिय पदार्थ मोडला जातो.

मग कचरा डेपोतून झिरपणारं काळं पाणी असंच उन्हात टाकून मोडता येईल का? ‘उन्हावर चालणारं शुद्धीकरण’ असे शब्द आता अनेकदा कानावर येतात. त्यामागचं विज्ञान खरं आहे आणि देखणंही आहे. पण ते कुठे लागू पडतं आणि कुठे नाही, हे समजून घेतलं नाही तर पैसा जाईल आणि पाणी काळंच राहील.

आधी ते पाणी काय आहे ते पाहू. घंटागाडीच्या मागे दुचाकी चालवताना फटीतून गळणाऱ्या धारेपासून आपण चाक वाचवतो, तिथेच त्याची सुरुवात असते. आपल्या घरच्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास ओला कचरा असतो: भाजीची देठं, शिळा भात, आंब्याच्या साली. तो ढिगात दाबला जातो, कुजतो, पाणी सोडतो. वर पाऊस पडतो. ते सगळं पाणी ढिगातून खाली उतरताना वाटेत जे विरघळेल ते सोबत घेतं. तळाशी निघतं ते चहाच्या चोथ्यासारखं तपकिरी-काळं, उग्र वासाचं पाणी. इंजिनिअर त्याला लिचेट म्हणतात. डेपोवर काम करणारे नुसतं ‘काळं पाणी’ म्हणतात, आणि मला तोच शब्द जास्त बरोबर वाटतो.

सांगलीचा डेपो समडोळी रस्त्यावर, मिरजेचा बेडग रस्त्यावर. आपल्या भागात खाली काळी माती आणि तिच्याखाली बेसॉल्ट, म्हणजे काळा पाषाण. काळी माती ओली असताना फुगून घट्ट होते, पण उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाषाणालाही चिरा असतात. काळं पाणी एकदा त्या वाटेला लागलं की कुणाच्या विहिरीत कधी उतरेल ते वरून दिसत नाही. म्हणूनच केंद्राच्या २०१६ च्या घनकचरा नियमांनी नव्या भरावभूमीच्या तळाशी ९० सेंटिमीटर घट्ट चिकणमाती आणि तिच्यावर दीड मिलिमीटर जाडीचं प्लास्टिकचं अस्तर सांगितलं. अस्तरावर साठलेलं पाणी नळ्यांनी गोळा करायचं आणि शुद्ध करूनच सोडायचं.

किती शुद्ध? इथे दोन आकडे समजून घ्यावे लागतात, बीओडी आणि सीओडी. पाण्यातली घाण खाऊन संपवताना जिवाणूंना जेवढा ऑक्सिजन लागतो तो बीओडी. आपल्याकडे तो २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवून मोजतात. आणि जहाल रसायन घालून जवळजवळ सगळीच घाण जाळली, तर जेवढा ऑक्सिजन लागेल तो सीओडी. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यासाठी २०१६ च्या त्या नियमांनी लिटरमागे बीओडी ३० मिलिग्रॅम आणि सीओडी २५० मिलिग्रॅम अशी मर्यादा घातली. डेपोच्या पाण्याचा सीओडी काही हजारांत असतो, ताज्या ढिगाचा तर दहा हजारांच्या वरही जातो.

पण नुसत्या आकड्यापेक्षा या दोघांचं गुणोत्तर जास्त बोलकं आहे. ताज्या ढिगाच्या पाण्यात बीओडी हा सीओडीच्या निम्मा किंवा जास्त असतो, म्हणजे बरीचशी घाण जिवाणूंना खाण्याजोगी असते. हवा सोडलेल्या टाकीत ते ती स्वस्तात फस्त करतात. जुन्या ढिगाच्या पाण्यात मात्र हे प्रमाण दहाव्या हिश्शाच्याही खाली येतं. खाण्याजोगं सगळं ढिगातल्याच जिवाणूंनी खाल्लेलं असतं. उरतात ते ह्युमिक पदार्थ, शेणखत मुरल्यावर त्याला जो काळेपणा येतो त्याच जातीचे मोठे, गुंतागुंतीचे रेणू. जिवाणू त्यांना तोंड लावत नाहीत. उन्हाचं खरं काम या हट्टी रेणूंशी आहे.

पांढऱ्या रंगाची भुकटी

हळदीसारखे हे रेणूही प्रकाश शोषतात, म्हणून तर पाणी काळं दिसतं. पण शोषून सहजी तुटत मात्र नाहीत. त्यांना तोडायला मध्ये कुणीतरी लागतं, जो प्रकाश घेईल आणि त्याचं हत्यार करून देईल. हा मध्यस्थ तुमच्या दारातच आहे. लोखंडी गेटवरच्या जुन्या पांढऱ्या ऑइलपेंटवर हात फिरवा, पांढरी भुकटी हाताला लागते. पांढऱ्या रंगात टायटॅनियम डायऑक्साइड असतं. उन्हात ते स्वतः शाबूत राहतं, पण आपल्या भोवतीचं तेल आणि राळ खाऊन टाकतं. बांधून ठेवणारं गेलं की कण मोकळे होऊन भुकटी सुटते. रंगाच्या कंपन्या ही खोड मोडायला कणांवर सिलिका किंवा अ‍ॅल्युमिनाचा थर चढवतात. पाणी शुद्ध करणाऱ्यांना हीच खोड हवी असते.

१९७२ मध्ये जपानच्या अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं की टायटॅनियम डायऑक्साइडवर अतिनील प्रकाश टाकला तर पाण्याचं विघटन होतं. त्यांना इंधन हवं होतं, हायड्रोजन. पण पाच वर्षांत, १९७७ मध्ये, फ्रँक आणि बार्ड यांनी हीच भुकटी आणि प्रकाश वापरून पाण्यातलं सायनाइड मोडून दाखवलं, आणि घाण पाण्याची दिशा उघडली.

आत घडतं ते असं. कणातल्या इलेक्ट्रॉनांचं घर दुमजली समजा: खाली सगळे दाटीने बसलेले, वर माळा रिकामा. मध्ये जिना नाही, एकाच उडीत वर जायचं. ही उडी ३.२ इलेक्ट्रॉनव्होल्टची, म्हणजे ३८७ नॅनोमीटरपेक्षा आखूड लहरींच्या प्रकाशाची. आपल्याला दिसणारा प्रकाश साधारण ४०० पासून सुरू होतो, म्हणून लाल-पिवळा-हिरवा प्रकाश कितीही ओता, माळा गाठता येत नाही. अर्ध्या उडीत वर गेलेला कुणी अधांतरी थांबू शकत नाही. सांगलीचं ऊन डोळे दिपवणारं असलं तरी या कामाला येणारा अतिनील भाग त्यात शंभरात चार-पाचच.

ज्याने उडी मारली त्याची जागा खाली रिकामी राहते. ती जागा भरायला कण शेजारच्या पाण्याकडून इलेक्ट्रॉन ओढतो, आणि पाण्यातून तयार होतो हायड्रॉक्सिल रॅडिकल. निसर्गातल्या सगळ्यात भुकेल्या गोष्टींपैकी ही एक. जाळण्याची ताकद व्होल्टमध्ये मोजली तर नळाच्या पाण्यात घालतो त्या क्लोरीनची १.३६ आणि याची २.८. समोर येईल त्या सेंद्रिय रेणूचा लचका तो तोडतो. लचके तोडत गेलं तर शेवटी उरतो कार्बन डायऑक्साइड आणि पाणी.

दोन गोष्टी मात्र आड येतात. माळ्यावर गेलेला इलेक्ट्रॉन बहुतेक वेळा लगेच खाली उडी मारून आपल्या जागेवर परत बसतो. प्रकाश फुकट गेला, कण थोडा तापला, संपलं. त्याला वरच्या वर कुणीतरी उचलून न्यावं लागतं. ते काम विरघळलेला ऑक्सिजन करतो, म्हणून अशा टाकीत सतत हवा सोडावी लागते. दुसरं, हे रॅडिकल अब्जांश सेकंदाच्या हिशेबात जगतं. दूर जाऊन कुणाला शोधणं त्याला जमत नाही. घाणीनेच कणाजवळ यावं लागतं, आणि प्रकाशाने कणापर्यंत पोचावं लागतं.

काळ्या पाण्याची अडचण इथेच आहे. ते काळं आहे. वरच्या काही मिलिमीटरमध्येच प्रकाश संपतो, खालचे कण अंधारात. शिवाय त्यात बायकार्बोनेट आणि क्लोराइड भरपूर असतात. त्यांना मोडून आपला काही फायदा नाही, पण रॅडिकल निवड करत नाही, समोर आलं ते खातं.

गुंठ्यातला हिशेब

मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते, प्रक्रिया कितीही आवडली तरी आधी पाटीवर हिशेब मांडा. चांगल्या उन्हात चौरस मीटरला साधारण ३० वॅट अतिनील प्रकाश धरतात. सहा तास ऊन मिळालं आणि प्रकाशाचा प्रत्येक कण कामी आला, एकही वाया गेला नाही, असं समजू. तरी एका चौरस मीटरवर दिवसाला साधारण १६ ग्रॅम सीओडी निघेल. पाण्याचा सीओडी लिटरमागे ३००० मिलिग्रॅम असेल, तर हे झालं पाच लिटरला थोडं जास्त. अख्ख्या गुंठ्यावर साधारण ५४० लिटर.

हे आदर्श जगातलं. प्रत्यक्षात शंभरातले पाच प्रकाशकण कामी आले तरी चांगलं म्हणायचं. मग गुंठ्याला रोज २७ लिटर, म्हणजे दोन-तीन कळश्या. दहा हजार लिटरचा एकच टँकर रोज शुद्ध करायचा तर सव्वानऊ एकर लागतील. एवढी जमीन काळ्या पाण्यासाठी कोण देणार?

आता तोच हिशेब वेगळ्या जागी लावू. समजा जिवाणूंनी आणि निवळण्याच्या टाक्यांनी आपलं काम आधी केलं आणि सीओडी ५०० वर आला. फक्त शेवटचे २५० काढायचे आहेत, जे कुणाला खाता येत नाहीत. तेवढ्याच टँकरला आता एकतीस गुंठे लागतात. ज्यांनी नेमके आकडे मोजलेत ते म्हणतील की विरळ पाण्यात वेग आणखी पडतो, आणि ते बरोबर आहे. हा कागदावरचा अंदाज आहे. पण सव्वानऊ एकर आणि एकतीस गुंठे यातला फरक कुठल्याही बारकाव्याने पुसला जात नाही. ऊन हा महागडा कारागीर आहे. त्याला माती खणायला लावू नका, शेवटचा हात फिरवायला बोलवा.

द्राक्षाचं आम्ल आणि लोखंड

जमीन आणखी कमी लागावी म्हणून दुसरी वाट आहे, आणि ती आपल्या जिल्ह्याच्या फार ओळखीच्या पदार्थापासून सुरू होते. १८९४ मध्ये हेन्री फेंटन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने टार्टारिक आम्लावरचा आपला प्रयोग छापला. टार्टारिक म्हणजे द्राक्षातलं मुख्य आम्ल, तासगावच्या मण्यात दाताला आंबट लागतं ते. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि चिमूटभर लोहक्षार एकत्र आले की हे आम्ल झपाट्याने मोडतं, असं त्याने दाखवलं. आज आपण म्हणतो की तिथेही तेच हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतं. लोखंड पेरॉक्साइडला फोडतं आणि त्या झटापटीत स्वतः बदलून थकल्यासारखं होतं. त्यावर ऊन पडलं की ते पुन्हा ताजं होतं आणि दुसऱ्या फेरीला तयार. याला सौर फोटो-फेंटन म्हणतात.

फायदा कुठे आहे पाहा. टायटॅनियमच्या पद्धतीत जाळण्याची सगळी ताकद प्रकाशातून यायची. इथे ती कॅनमधल्या पेरॉक्साइडमधून येते, ऊन फक्त लोखंड ताजं करतं. शिवाय लोखंडाला अतिनीलच्या पुढचा निळा-हिरवा प्रकाशही चालतो, म्हणजे उन्हाचा बराच मोठा वाटा कामी लागतो.

पण पेरॉक्साइड विकत आणावं लागतं. एक ग्रॅम सीओडीला कागदोपत्री २.१२५ ग्रॅम शुद्ध पेरॉक्साइड पडतं. ३००० सीओडीच्या एका टँकरला बाजारातलं ५० टक्क्यांचं पेरॉक्साइड सव्वाशे किलोच्या वर. शेवटचे २५० काढायला साडेदहा किलो. पुन्हा तोच धडा, फक्त यावेळी एकराऐवजी रुपयांत.

शिवाय हे पाणी आधी आम्लधर्मी करावं लागतं, सामू (पीएच) २.८ च्या आसपास, नाहीतर लोखंड गंजासारखं तळाशी बसतं. त्यात एक चांगलं होतं: बायकार्बोनेट वायू होऊन निघून जातं. मात्र तेव्हा फेस प्रचंड येतो, टाकीच्या काठावरून वाहतो. नंतर चुना घालून पाणी पुन्हा साधं करायचं, तेव्हा लोखंडाचा तांबूस गाळ बसतो. एक बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो. आम्ल घातल्यावर ह्युमिक पदार्थांतला काही भाग आपोआपच साका होऊन खाली बसतो. वरचं पाणी स्वच्छ दिसतं, अहवालात सीओडी उतरलेला दिसतो, पण ती घाण मोडलेली नसते, गाळात गेलेली असते. कुणी अशा प्रकल्पाचे आकडे दाखवले तर पहिला प्रश्न हाच विचारावा: किती मोडलं आणि किती गाळात गेलं?

अमोनियाचा प्रश्नही तिथेच विचारावा. डेपोच्या पाण्यातला अमोनिया या रॅडिकलला फारसा दाद देत नाही. २०१६ च्या नियमांतली त्याची मर्यादा, लिटरमागे ५० मिलिग्रॅम, गाठायला नायट्रेट करणारे जिवाणूच हवेत किंवा हवा मारून तो उडवून पकडायला हवा. आणि क्षार तर ऊन काढूच शकत नाही. उलट आम्ल आणि चुना घालून ते वाढतात.

स्पेनच्या दक्षिणेला अल्मेरिया नावाचा कोरडा, उन्हाळ प्रांत आहे. तिथल्या ताबेर्नासच्या वाळवंटात सौर संशोधनाचं मोठं केंद्र आहे, आणि या तंत्राचं बरंच काम तिथे झालं. त्याच प्रांतात प्लास्टिकच्या हरितगृहांत भाजीपाला पिकतो, फवारणी भरपूर होते. औषधांचे रिकामे डबे धुतलेलं पाणी स्वच्छ करायला तिथे सुमारे १५० चौरस मीटर आरशांचा फोटो-फेंटन प्रकल्प उभा राहिला. डबे धुतलेलं पाणी म्हणजे थोडं, निवळ आणि विषारी. उन्हाला साजेसं काम. द्राक्षबागांत ब्लोअर फिरतो त्या आपल्या गावांनी डेपोइतकाच याचाही विचार करावा असं मला वाटतं.

तिथे पाणी उन्हात नळ्यांतून फिरवतात. या नळ्या काचेच्या असतात, पण खिडकीच्या काचेच्या नाही. साधी काच अतिनीलचा बराच भाग अडवते, म्हणून बोरोसिलिकेट काच. मागे अ‍ॅल्युमिनियमचे वळणदार पन्हळी आरसे, कारण अतिनील परतवण्यात अ‍ॅल्युमिनियम चांदीपेक्षा सरस आहे. या आरशांना सूर्यामागे फिरावं लागत नाही. ढगांतून विखरून येणारा प्रकाशही ते नळीवर आणतात. अल्मेरिया ३७ अक्षांशाजवळ, सांगली १७ च्या जवळ. सूर्य आपल्याकडे कितीतरी जास्त डोक्यावर येतो.

आषाढाचं काय

पण अल्मेरियात आषाढ नसतो. आपल्याकडे काळं पाणी सगळ्यात जास्त कधी निघतं? ज्या महिन्यांत ऊन नसतं तेव्हा. एक एकर उघड्या ढिगावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर चार लाख लिटर पाणी होतं, चाळीस टँकर. त्यातलं काही वाहून जाईल, काही वाफ होईल, उरलेलं ढिगातून उतरेल. म्हणून आरशांच्या आधी खर्च ढिगावरच्या आच्छादनावर व्हायला हवा. ताडपत्री, मातीचा थर, कडेने पावसाचं पाणी बाहेर काढणारी चर. न झालेलं काळं पाणी शुद्ध करावं लागत नाही. ओला कचरा घरीच वेगळा होऊन खतात गेला तर ढिगातलं पाणी आणि त्यातली घाण दोन्ही मुळातच घटतात.

तरी जे होईल ते साठवायला अस्तर घातलेलं तळं लागेल, आणि ते कुठे बांधायचं हे सांगलीत तरी वेगळं सांगायला नको. २०१९ ला आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ फुटांवर गेलं, २०२१ ला पुन्हा महापूर आला. पूररेषेच्या आत असलेलं काळ्या पाण्याचं तळं म्हणजे कृष्णेत ओतायला भरून ठेवलेली घागर.

तळं सुरक्षित उंचीवर असेल तर वर्षाचं वेळापत्रक जमतं. पावसाळाभर पाणी साठवायचं, जिवाणूंच्या टाक्या मात्र चालू ठेवायच्या. त्यांना ढगांचं काही नसतं. दिवाळीनंतर आकाश निवळतं तशी निवळलेल्या पाण्याची पहिली खेप नळ्यांत सोडायची. मग जानेवारीपासून सलग कोरडं, स्वच्छ ऊन मिळतं. शिवारात शिजवलेली हळद खळ्यावर वाळत पसरलेली असते तेच दिवस या नळ्यांच्या हंगामाचे, आणि जूनचे ढग जमायच्या आत तळं तळापर्यंत रिकामं व्हायला हवं.